मोगऱ्याचं औषध

माझ्या नावावर एक माशी आहे. म्हणजे ती नवीन प्रजाती आहे हे मी दाखवून दिलं, तिचं वर्णन लिहिलं, आणि बाहेरगावच्या जाणकारांनी माझ्या स्लाइड्स तपासून ते मान्य केलं. तिळाहून लहान माशी, पण कॉलेजात पेढे वाटले गेले, सत्कार झाला, शाल मिळाली. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही. का, ते कॉलेजात कोणाला ठाऊक नाही.

आम्ही जबलपूरच्या विजय नगरात राहतो. नवरा फॅक्टरीत, मी अधारतालच्या बाजूच्या कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते. सासूबाई मूळच्या अमरावतीकडच्या. इथे इतकी वर्षं काढल्यामुळे रागावल्या की हिंदीत बोलतात आणि एरवी वऱ्हाडीत. गच्चीवर त्यांच्या मोगऱ्याच्या नऊ कुंड्या आहेत.

सासरे गेल्यापासून चैत्रातलं हळदीकुंकू मी करते. सासूबाई त्या दिवशी बाहेर येत नाहीत. मी कितीदा म्हटलं, आई, आपल्याच घरात कोण काय म्हणणार आहे? पण त्यांनी स्वतःच स्वतःला आत बसवून टाकलं. गजरे मात्र त्यांचेच. पहाटे कळ्या तोडायच्या, ओवायच्या, आणि आतल्या खोलीत पलंगावर ताट घेऊन बसायचं. हॉलमध्ये कुंकू, आंब्याची डाळ, पन्हं झालं की एकेक बाई आत जायची. "काकू, माझा गजरा?" म्हणत तिथेच अर्धा तास रमायची. खरा कार्यक्रम आतच व्हायचा, मी आपली हॉलमध्ये रिकामे ग्लास गोळा करत असायचे.

त्या वर्षी फाल्गुन संपता संपता सासूबाईंनी मूठभर कळ्या माझ्यापुढे धरल्या. जांभळट, बुडाशी फुगलेल्या, न उमलताच सुकू लागलेल्या.

"काहून व असं होऊन राहिलं? पाणी तर रोज देऊन राहिली मी."

मी एक कळी नखाने उकलली. आत बारीक पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. ज्वारीच्या कणसातली मिजमाशी शेतकऱ्यांना चांगली माहीत असते, ही तिच्याच गोतातली. पण कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अळीच्या गळ्याखालचा काटा माझ्या ओळखीच्या एकाही माशीशी जुळेना. पुस्तकं काढली, जुने लेख काढले. कुठेच नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

उपाय मला तेव्हाच माहीत होता. किडक्या कळ्या रोज तोडून उकळत्या पाण्यात टाकायच्या आणि कुंड्यांतली वरची माती काढून उन्हात वाळवायची, कारण अळ्या कळीतून खाली पडून मातीतच कोष करतात. लगेच हात घातला असता तर हळदीकुंकवापर्यंत बरीच फुलं मिळाली असती. पण नवीन प्रजाती म्हणायची तर नुसत्या अळीवर भागत नाही. पूर्ण वाढलेला नर लागतो, त्याच्या मिशा आणि शेपटाकडचे अवयव पाहावे लागतात. मी बरणीत ओल्या वाळूवर अळ्या ठेवल्या, त्या बुरशीने मेल्या. दुसऱ्या खेपेला माश्या निघाल्या, पण सगळ्या माद्या. शहराबाहेर मझौली गावाकडे एका मोगरा लावणाऱ्याच्या शेतावर जाऊन आले, तर तिथला मोगरा ठणठणीत. मला अजून किडक्या कळ्या हव्या होत्या आणि त्या फक्त आमच्या गच्चीवर होत्या.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चलो, मीच दुकानातून औषध घेऊन येते."

खरं औषध पडलं असतं तर माझ्या अळ्याच संपल्या असत्या. "दुकानातलं नको आई, विषारी असतं. मी कॉलेजातून आणते."

आणि आणलं. फवाऱ्याची बाटली, आत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. नुसतं पाणी. वर चिठ्ठी चिकटवून मी ठळक अक्षरात लिहिलं, 'मोगरा, रोज सकाळी.' एवढी सफाई मला कुठून सुचली, याची आजही लाज वाटते. सासूबाई चष्मा लावून कळी न् कळी शोधून फवारा मारायच्या.

"याले वास कसा नाही येत व?"

"नवीन निघालंय, आई."

हळदीकुंकवाच्या दिवशी गौरीपुढे ठेवायला कशीबशी पाच-सात फुलं निघाली. गजरे मी बाजारातून आणले आणि हॉलमध्ये ताटात ठेवले. बायकांनी तिथूनच उचलले. आत जायचं कोणाला कारणच उरलं नाही. दोघी-तिघींनी दारातून डोकावून "काकू, बऱ्या आहात ना?" म्हटलं, तेवढंच.

त्याच सकाळी बरणीत दोन नर निघाले होते. ही माशी जेमतेम दिवसभर जगते, म्हणून बायका पन्हं पीत असताना मी स्वयंपाकघरात उभी राहून त्यांना अल्कोहोलमध्ये घेत होते. भिंगातून त्यांच्या मण्यांच्या माळेसारख्या मिशा दिसल्या आणि मला अतोनात आनंद झाला. भिंतीपलीकडे सासूबाई एकट्या बसलेल्या होत्या, हे मला माहीत होतं. तरीही मी खूश होते.

मग त्यांचं पन्हं घेऊन आत गेले. इस्त्रीची साडी नेसून त्या पलंगावर बसल्या होत्या. शेजारी रिकामं ताट आणि दोरा.

"काढून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "एखाद वेळी उमलतील म्हटलं."

दुसऱ्याच दिवशी मी खरा उपाय केला. माती वाळवली, झाडं छाटली, पावसाळाभर नजर ठेवली. सासूबाई वर बसून बघत, मी काय करते आणि कशासाठी, ते सगळं विचारून घेत. पण गुण आला तो बाटलीचा, असंच त्या धरून चालल्या. दरम्यान माझा लेख छापून आला.

पुढच्या चैत्रात मोगरा असा फुलला की ताट पुरेना. बायका पुन्हा आत जाऊन बसल्या, हसण्याचे आवाज येऊ लागले. मी पन्हं घेऊन गेले तर सासूबाई सांगत होत्या, "सूनबाईनं कॉलेजातून औषध आणलं न. एक बाटली मारली, कीड साफ!"

समोरच्या घरातली म्हणाली, "अच्छा? दीदी, आमच्याही मोगऱ्याला लागलंय. आम्हालाही द्या न थोडं."

सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. "बघते," म्हणून मी बाहेर आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या कळ्या तोडत होत्या. आता हिंदीत फैरी झडणार, असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी होतं?"

"हो."

"नुसतं?"

"नुसतं."

आणखी एक कळी तोडून त्या म्हणाल्या, "अन् मी चार बायांसमोर सांगून बसली."

"मी आजच एकेकीच्या घरी जाऊन खरं सांगते, आई."

"काही गरज नाही. म्हणतील, घरातल्या घरात सुनेनं म्हातारीले उल्लू बनवलं. आता कोणाले नको सांगू."

चार दिवसांनी समोरच्या घरातली ती बाई रिकामी बाटली घेऊन आली. मी स्वयंपाकघरातच थांबले. दार सासूबाईंनी उघडलं.

"संपलं व ते," मी त्यांना सांगताना ऐकलं. "तू असं कर, किडक्या कळ्या तोडून टाक अन् वरची माती काढून उन्हात वाळव. त्यानंही जाते."

दार लावून त्या माझ्याजवळून गेल्या, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवापुढे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी कान धरले.