मांजरीला हाक कोण मारणार

साल दोन हजार एकोणीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. दसरा तोंडावर, मखमलाबादच्या अंगाला आमच्या वावरात झेंडू तोडणीला आलेला, आणि बायको मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नाशकात दवाखान्यात मुलगी तिच्याजवळ राहिली. फुलं थांबत नाहीत, म्हणून मी घरी.

गाडीत आडवं निजवलं तरी बायकोचं एकच. "अहो, मांजरीला दिवेलागणीला आत घ्या. कुत्री लई झालीत."

मांजर तिची. दिवसभर वावरात उंदरांमागं असायची. सांज झाली की बायको ओट्यावर उभी राहून हाक मारायची, "ये गं बाई, ये, दिवा लागला." असेल तिथून पळत यायची. मग तिला स्वयंपाकघरात घालून बाहेरून कडी, ती सकाळीच उघडायची. मांजर येणार ती हाकेला. दूध-भाकरी दाखवली तरी ढिम्म हलायची नाही.

पहिल्या सांजेला मी हाक मारली. हलकेच मारली, पण बांधापलीकडं शेजाऱ्यानं ऐकलीच.

"काय आबा! म्हातारी दवाखान्यात, अन् तुम्ही लाडात आले का?"

त्याच्याकडची तोडणीची माणसं फिदीफिदी हसली. माझे कान तापले. मांजर यायच्या आधीच दार लावून घेतलं. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण फुलबाजारात व्यापारी माझ्याशी जपून बोलतात. त्या माणसानं मांजरीची मनधरणी करायची? दुसऱ्या दिवशी नुसती ताटली वाजवली. आली नाही. म्हटलं, ती काय शेळी आहे कोंडायला? राहू दे बाहेर.

रोज बायकोचा फोन यायचा. "घेतली का आत?"

"घेतली."

सकाळी मांजर ओट्यावर अंग चाटत बसलेली असायची, त्यामुळं खोटं टोचत नव्हतं. उलट मनातल्या मनात बायकोलाच सुनवायचो, बघ, उगाच काळजी करतेस.

सहाव्या सकाळी ओटा रिकामा. झेंडूच्या तिसऱ्या सरीत सापडली. कुत्र्यांनी मान फोडलेली, अंग दवानं भिजलेलं, नखांत माती. बरीच झुंजली असणार. घराचं दार तिथून पन्नास पावलं, आणि मी आत घोरत होतो. उपरण्यात गुंडाळून बांधाला पुरली. मग दिवसभर फुलं तोडली, क्रेट भरले.

सांजेला फोन वाजला. "घेतली का आत?"

माझ्या तोंडून निघालं, "घेतली."

"दूध कोमट द्या बरं. गार दिलं की तोंड लावत नाही. अन् तुम्ही हाक मारता ना तिला, म्हणून मला हितं झोप लागते हो."

फोन ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे मी तिला एकदाही म्हणालो नव्हतो. चुकलो नव्हतो असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणी तशीच टाकून पहिल्या बसनं दवाखान्यात गेलो. मुलीला चहा आणायला धाडलं, खाटेजवळ उभा राहिलो आणि बायकोला सांगितलं, "तुझी मांजर गेली. कुत्र्यांनी मारली. मी तिला एक दिवससुद्धा आत घेतली नाही. हाक मारायची लाज वाटली मला. माझं चुकलं."