उपाशी वाकळ

"वाकळ उपाशी ठेवू ने," असं म्हणत आक्का भाकरीचा वाळका तुकडा मोडायची, वाकळेच्या शेवटच्या कोपऱ्यात सारायची, अंगठ्यानं दाबायची आणि वरून टाके घालून कोपरा मिटवायची. दोरा दातानं तोडायची. मग त्या जागेवर तळहात फिरवून, लेकराचं पोट चाचपावं तशी ती गाठ चाचपायची. "जेवली. आता ही कुनालाबी ऊब देईल."

सोलापुरात, भवानी पेठेत आमच्या शेजारच्या खोलीत ती राहायची. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळे एकाच नावानं हाक मारतात. लहानथोर सगळ्यांची ती आक्काच. लोक जुनी लुगडी, धोतरं, फाटके परकर आणून टाकायचे. आक्का ती फरशीवर थरावर थर पसरायची आणि वर स्वतः बसून शिवत मागं मागं सरकायची. पलीकडच्या खोल्यांतले माग दिवसभर खडखडायचे. ते बंद पडले, की हिची सुईही थांबायची. "ताल गेला," म्हणायची. "चला, चा टाक."

बोलायला फटकळ. एकदा पेठेतल्या एका नव्या सुनेनं विचारलं, "आक्का, मला भिंतीवर टांगायला एक छोटी गोधडी करून द्याल का?"

आक्का तिच्याकडं बघतच राहिली. "भिंतीला थंडी वाजती व्हय गं?"

पोरगी हसली. आक्का काही हसली नाही. वाकळ ही अंगावर घ्यायची वस्तू, हे तिच्या लेखी इतकं सरळ होतं, की त्यात हसण्यासारखं तिला काही दिसलं नसावं.

तिचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं तिकडं फ्लॅट घेतला आणि दिवाळीनंतर आईला कायमचं न्यायचं ठरवलं. मुलगा वाईट नाही, हे मी आधीच सांगते. आईचं पथ्यपाणी बघायचा, फोन करायचा. पण त्यानं सांगितलं, "आई, तिथं कपाटं सगळी भरलीत. वाकळ एकच घे. बाकीच्या देऊन टाक." तिच्या ट्रंकेवर वाकळांची थप्पी होती, जवळजवळ छताला टेकलेली. तिच्यातली एकच.

आक्कानं मला बोलावलं. "ये, बस. मी सांगते, तू घड्या घाल. मला वाकवत न्हाय."

तुम्हाला वाटेल, म्हातारी रडत बसली असेल. छे. ती एकेकीची खरडपट्टी काढत होती.

"ही मामंजींच्या धोतराची. अंगावर घेतली की अजून कुनीतरी खाकरल्यागत वाटतं. देऊन टाक. ही नंदेच्या लुगड्याची. टोचती. जिती व्हती तवाबी टोचायची. दे. ही..." इथं जरा थांबली. "ही मालकांची. मळली हाय, पर दे. त्यांचं कायबी मी बांधून ठेवलं न्हाय, ऱ्हायले ते आपलेआपच."

इरकलीच्या तुकड्यांची एक वाकळ होती. लाल, हिरवे, जांभळे त्रिकोण, काठाशी काठ जुळवलेला. अशी देखणी वाकळ मी दुसरी पाहिली नाही. आक्कानं ती माझ्या मांडीवर टाकली. "ही तुला. वापर मातर. पेटीत घालून तिचं लोनचं करू नगं."

बाकीच्या श्रीपूरला जायच्या होत्या. श्रीपूरच्या कारखान्यात तिचा भाचा होता. दर सीझनला तो टेम्पो घेऊन सोलापूरला यायचा, तेव्हा आक्का त्याच्याकडं ऊसतोडीवाल्यांसाठी वाकळा द्यायची.

आणि सगळ्यात खाली होती ती जाड वाकळ. मागाच्या तेलाचे डाग पडलेलं, कोणी न घेतलेलं काळपट कापड तिच्या दोन्ही अंगांनी चढवलं होतं. गोणपाटासारखी दिसायची. उचलायला दोघी लागलो.

"ही ठेवायची," आक्का म्हणाली.

ती का, हे मला ठाऊक होतं. एका दुपारी सुईत दोरा ओवून देताना तिनं मला सांगितलं होतं. पेठेत दुसऱ्या कोणाला ते माहीत नव्हतं.

आक्काला एक मुलगी होती. लग्नात तिला आक्कानं तिच्याच परकर-पोलक्यांची वाकळ शिवून दिली होती. मुलगी आजारी पडली, तशी सासरच्यांनी वाकळेसकट माहेरी आणून सोडली. पुन्हा कोणी फिरकलं नाही. ती इथंच, आईच्या खोलीत, त्याच वाकळेवर गेली. आपल्याकडं गेलेल्या माणसाखालचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, मसणवट्यात टाकून येतात. तेव्हा मुलाचं नुकतंच लग्न झालेलं. सून भ्यायलेली. सगळे म्हणाले, आक्का, तेवढी वाकळ काढ. आक्कानं आत जाऊन दुसरीच गुंडाळून दिली. लेकीची ठेवून घेतली. पुढं तिच्यावर ते काळं कापड चढवून चारी बाजूंनी शिवून टाकली. वाकळेत वाकळ. नव्या कोपऱ्यात नवा घास घातला.

"इतकं घाण कापड का गं लावलंस?" मी विचारलं होतं.

"कुनी मागू ने म्हनून."

न्यायच्या दिवशी दुपारी मी तिला माझ्याकडं जेवायला बोलावलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. ती सावकाश जेवली. तिकडं मुलगा आणि सून सामान बांधत होते. तेवढ्यात भाच्याचा टेम्पो आला आणि वाकळा भरून गेलाही. आम्ही हात पुसत परत गेलो, तर मला दिलेली, मी अजून तिच्याच खोलीत ठेवलेली इरकलीची वाकळ पुण्याच्या सामानावर नीट प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेली.

आक्का दारातच थांबली. "जाडी कुटं हाय?"

"ती काळी? ती दिली की टेम्पोत," सून म्हणाली. "आई, तुम्हीपण ना. सगळ्यांत चांगली लोकांना वाटायची आणि स्वतःला फाटकं ठेवायचं, ही तुमची नेहमीची सवय. म्हणून मीच ही काढून ठेवली."

प्रेमानंच म्हणाली हो. हे ध्यानात ठेवा. त्या घरात कोणी कोणाचं वाईट केलं नाही.

आक्का काय बोलणार? त्याच खोलीत त्यांची पोरं जन्मली, वाढली, त्या थप्पीवर उड्या मारून खेळली. आणि थप्पीच्या तळाला इतकी वर्षं काय होतं, ते आता सांगायचं? तिनं पदर नीट केला. "बरं केलंस," म्हणाली. मग मुलाला म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. भाच्याला भेटल्याबिगर मी यायची न्हाय. मागनं यष्टीनं येते." तो बराच वेळ कुरकुरला. मी तिला नीट गाडीत बसवून देईन असं कबूल केल्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पंढरपूरमार्गे श्रीपूरला. भाच्यानं कारखान्यामागच्या माळावर नेलं. तिथं तोडकऱ्यांच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या बुटक्या झोपड्या होत्या. आक्का एकेका कोपीत वाकून बघत चालली होती. शेवटून दुसरीत सापडली.

वाकळेवर तान्हं बाळ झोपलं होतं. बाळंतीण पोरगी शेजारी बसून चुलीत पाचट सारत होती. आम्ही वाकळावाल्या, हे कळल्यावर तिनं जागा करून दिली.

"लई ऊब हाय आज्जी हिला," ती म्हणाली. "खालचं दगूड लागत न्हाईत लेकराला."

आक्का बसली. बाळाला हात लावला नाही. वाकळेचा कोपरा शोधला, अंगठ्यानं दाबून पाहिला. गाठ होती.

मी तिच्या कानाशी म्हटलं, "माग की. बदल्यात पुण्याहून इरकलीची मागवून देऊ."

"काय सांगून मागू?" ती तितक्याच हळू म्हणाली. "हिच्यावर माजी पोर मेली, म्हनून? तर आत्ता बाहीर फेकतील. आन् सांगायचं न्हाय, तर लेकराखालनं वढून घेऊ?"

पोरीनं विचारलं, "काय झालं आज्जी?"

"काय न्हाय. पोरगं हाय का पोरगी?"

"पोरगीच हाय," ती जरा खाली बघत म्हणाली.

आक्कानं पिशवीतली, आम्ही वाटेत खायला आणलेली भाकरी काढून तिच्या हातात दिली. "तू खा. वाकळेचं पोट भरल्यालं हाय." आणि उठली.

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, झोपली. मग बाहेर बघतच म्हणाली, "एकदा तिच्या सासरनं बाहीर काढली. एकदा माज्या घरानं."

पुण्याला गेल्यावर तिचे फोन यायचे. आधी रोज, मग आठवड्यानं, मग मीच करायची. "सुई हाय का हातात?" विचारलं, तर म्हणायची, "हितं माग कुटं वाजत्यात?" पुढचा हिवाळा तिनं पुरता पाहिला नाही.

मी भेटायला गेले. घर छान आहे, खोटं कशाला बोलू. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, इरकलीची वाकळ पितळी दांडीला टांगलेली. वर खास दिवा. सुनेचे डोळे सुजलेले होते. मनापासून रडली होती बिचारी. "येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून घेतली," ती म्हणाली. "मी सांगते, आमच्या आईंनी केलेली."

मी जवळ गेले. खालचा कोपरा हातात घेतला.

"तिथं गाठ होती, काकू. टांगल्यावर नीट बसतच नव्हती. इस्त्री करूनसुद्धा नाही. उसवली तर आतून भाकरीचा तुकडा निघाला, बघा. किडे होतील म्हणून काढून टाकला. टेलरकडून शिवून आणली."

"आक्काला ठाऊक होतं?"

"समोरच बसल्या होत्या की. मी विचारलं, आई, चालेल ना? तर म्हणाल्या, काढ. भिंतीला कुठली भूक."

ती चहा टाकायला आत गेली. शिलाई मशीनवर घातलेली होती, बारीक आणि एकसारखी. मी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. काही लागलं नाही.