संघबांधणीस असमर्थ

नाव: श्री. गोरोबा रामहरी नाईकवाडी. हुद्दा: क्रीडाशिक्षक, तासिका तत्त्वावर. मुक्काम: ढोकी. ओळखीची खूण: उजवी करंगळी चेंडू लागून वाकडी, मान त्यामानाने ताठ. अभिप्राय: ‘सदर कर्मचारी संघबांधणी करण्यास व पालकांशी समन्वय राखण्यास असमर्थ असल्याचे निदर्शनास आले आहे.’

एवढं संस्थेचं म्हणणं. उरलेलं मी सांगतो.

आमच्याकडे बेसबॉल कुणाला कळत नाही. संघ जिल्हा जिंकून विभागावर गेला की दहावीला वाढीव गुण मिळतात, हे मात्र सगळ्यांना कळतं. त्यामुळे मैदानाभोवती बाप उभे राहत ते सामना बघायला नव्हे, वसुलीला आल्यासारखे. ‘पळ की गाढवा’ हे त्यातलं सौम्य मार्गदर्शन.

गोरोबा सरांनी नियम केला. ज्याचं पोरगं खेळतंय, त्यानं समोरच्या संघाच्या पालकांत बसायचं. परक्या माणसांत आपल्याच लेकराला शिव्या द्यायची लाज वाटेल, असा त्यांचा अंदाज. पोरांनाही नियम होता: कुणाचा झेल सुटला तर जवळच्यानं चेंडू उचलून फेकायचा, मग सुटलेल्याच्या पाठीवर थाप द्यायची. बोलायचं काही नाही. चूक झाली की बापाकडे बघणारी पोरं हळूहळू चेंडूकडे बघायला लागली.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात नळदुर्गविरुद्ध आमचा संघ पुढे होता. त्यांचा एकच गडी आउट व्हायचा बाकी. उंच उडालेला चेंडू डावीकडे उभ्या असलेल्या रुद्रेशच्या हातात आला आणि सुटला. शेजारच्या आसिफनं चेंडू फेकला, थाप द्यायला वळला. त्याच्याआधी रुद्रेशचे वडील युवराज पोहोचले. हे संस्थेचे संचालक. चपलांसकट मैदानात शिरून त्यांनी पोराच्या कानाखाली वाजवली. बाकीचे बाप त्या वेळी आभाळाची पाहणी करत होते.

सरांनी हात वर करून अख्खा संघ बाहेर बोलावला.

“सर, एकच आउट राहिलाय,” पंच म्हणाले. “जिंकताय तुम्ही.”

“नळदुर्गचं नाव लिहा.”

युवराज धावत आले. “सर, डोकं फिरलंय का? माझं पोरगं हाय, मी मारीन न्हायतर पूजा करीन.”

“घरी तुमचं, युवराजराव. हितं माझा लेफ्ट फील्डर हाय.”

आसिफचे वडील चाँदपाशा कधी आवाज चढवत नाहीत. तेही म्हणाले, “सर, तुमची गोष्ट खरी. पर एकाच्या गुस्स्यापायी समद्या पोरांचे मार्क गेले. ह्यो कुठला इन्साफ?”

“इन्साफ न्हाय, चाँदपाशाभाई,” सर म्हणाले. “पर एवढे बाप उभे होते. एकानं तरी त्यांचा हात धरला का?”

सरांनी किटबॅग उचलली. रुद्रेश गाल धरून आसिफच्या मागे जीपमध्ये बसला.

सरांचे तास पुढच्या सत्रात दुसऱ्याला दिले. पालकांना कुठंही बसायची मुभा मिळाली. संघभावना वाढीस लागावी म्हणून संस्थेनं ‘पालक-खेळाडू समन्वय समिती’ नेमली; अध्यक्ष श्री. युवराज. समितीच्या सभा वेळेवर होतात, चहा होतो.

यंदा शाळेचा बेसबॉलचा संघ उतरला नाही. नऊ पोरं जमली नाहीत.