लंकामावशींच्या घरचं शांत बसणं

लंकाबाईंना त्या रविवारी उपासनेतच जांभया येत होत्या. आदल्या दिवशी दोन घरांची भांडणं ऐकून आल्या होत्या. गुडघे सुजलेले. आणि आता जेवायला हर्षल आणि पूजा हे नवं जोडपं यायचं होतं.

त्यांच्या शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. लग्न लागलं की नवं जोडपं एका वयस्कर जोडप्याच्या पदरात घालायचं. महिन्यातून एका रविवारी त्यांनी तिथं जेवायचं आणि जेवणाआधी शांत बसायचं. शास्त्रातला उतारा वाचायचा, डोळे मिटायचे, प्रभू काय सांगतो ते ऐकायचं आणि 'आमेन' झाल्यावर एकेकानं बोलायचं. घरच्या बाईनं सगळ्यांच्या शेवटी. तिनं 'आमेन' म्हटल्याशिवाय कोणी डोळे उघडायचे नाहीत, उठायचं तर नाहीच.

लंकाबाई सायखेड्याच्या. लग्न होऊन इथं आल्या आणि मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पोटी मूल नाही. नवरा चिमाजी रंगकाम करायचे, बोलायचे कमी. चुलीशी रडत येणाऱ्या मुलींचं ऐकून घ्यायची सवय लागली, म्हणून पाळकसाहेबांनी हे काम त्यांच्याकडे दिलं. कितीतरी जोडपी येऊन गेली. लोक म्हणायचे, लंकामावशींशी देव बोलतो. मावशी त्यावर गप्प बसायच्या. कारण अलीकडे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पहाटे खाटेवर बसून म्हणायच्या, "ऐकते मी, प्रभू," आणि ऐकू यायची ती शेजाऱ्यांची पाण्याची मोटार.

पूजा आली ती बॅग घेऊनच.

"सलाम, मावशी. जेवून मी सटाण्याला चाललेय. आईकडे."

"किती दिवस?"

मागून हर्षल म्हणाला, "परत येणार नाही म्हणतेय. तुम्हीच विचारा प्रभूला, मावशी. तुमच्या तोंडून आलं तर ऐकेल ती."

"आणि तुम्ही कुणाच्या तोंडचं ऐकता?" पूजा म्हणाली.

"आधी चपला काढा," चिमाजी म्हणाले. "भांडण आत करा. आत पंखा हाय."

पावसाळ्यात, चौथ्या महिन्यात पूजाचा गर्भ पडला होता. हर्षल दुसऱ्याच दिवशी अंबडला कंपनीत कामावर गेला. दवाखान्यात भेटायला गेलेल्या लंकाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या होत्या, "प्रभूची इच्छा, पोरी." तेव्हापासून हर्षल-पूजाच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं.

चिमाजींनी उतारा वाचला. सगळ्यांनी डोळे मिटले. मावशींनी मनात हात जोडले. आज एक शब्द दे. एकच. नाही मिळाला तर नेहमीचं सांगायचं का, क्षमा करा, एकमेकांना धरून राहा? पोर ऐकेलही. माझ्या शब्दावर त्या मुक्या घरात परत जाईल, आणि मग? मावशींना भीती वाटली. भीतीतच पंख्याचा वारा लागला, आणि त्यांना झोप लागली.

जाग आली ती कुजबुजीनं.

"बस चुकेल माझी."

"मावशींचं चालू आहे. थांब."

"घोरल्या का त्या?"

"श्श. काका असतील."

मग पूजा म्हणाली, "तुम्हाला एकदाही रडू आलं नाही."

"कंपनीत यायचं. बाथरूममध्ये नळ सोडून बसायचो. घरी आलो की तू झोपलेली."

"झोपलेली नसायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी? तुमची आई म्हणाली, पुढच्या वेळी होईल. मावशी म्हणाल्या, प्रभूची इच्छा. तुम्ही म्हणालात, डबा भर. मला वाटलं, बाळ माझ्या एकटीचंच होतं."

हर्षल रडू लागल्याचं ऐकू आलं. मावशींची मान आखडली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. तो हुंदके देत राहिला. बांगड्या वाजल्या, म्हणजे पूजाचा हात हलला असावा. सगळं निवल्यावर मावशी हळूच 'आमेन' म्हणाल्या.

"काय सांगितलं प्रभूनं?" हर्षलनं नाक पुसत विचारलं.

दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मावशी काहीही बोलल्या असत्या, तरी ते देवाचं म्हणून चाललं असतं.

"मला झोप लागली होती, बाबा," त्या म्हणाल्या. "लय दमलेय मी. उठले तर तुम्ही बोलत होता, ते ऐकत बसले." मग पूजाकडे वळल्या. "दवाखान्यात बोलले ना, ते प्रभूनं सांगितलेलं नव्हतं. मला दुसरं काय सुचलं नाय."

"मला फार लागलं होतं ते, मावशी," पूजा म्हणाली. मग उठून ताटं घेऊ लागली.

जेवण झाल्यावर तिनं बॅग उचललीच. "मी जाणार आहे."

"मीही येतो."

"कंपनी?"

"फोन करतो."

"माझ्या आईला काय सांगणार?"

"रडायचं राहिलंय म्हणून सांगेन."

"बसमध्ये सुरू करू नका," पूजा म्हणाली, पण बॅग त्याच्या हातात दिली.

दोघं फाटकाबाहेर गेली. चिमाजी खरकटी ताटं मोरीत नेऊन ठेवत म्हणाले, "परत येतील का गं?"

"ठाऊक नाय," लंकाबाई म्हणाल्या. प्रभूलाही त्यांनी विचारलं नाही. खाटेवर पाय लांब केले आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.