रानकांद्याचा बांध

आमच्या दैर झहरानमध्ये दोन शेतांमधला बांध दगडांनी नाही, रानकांद्याने आखतात. दगड काय, कोणीही उचलून पलीकडे सरकवतो. रानकांद्याचा कंद खोल जातो, वणव्यात जळत नाही, नांगराने फाटला तरी मरत नाही, आणि शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. उन्हाळा सरत आला, सगळी टेकडी करपली की त्याचे पांढरे तुरे ओळीने उभे राहतात आणि कोणाचं रान कुठे संपतं ते सांगतात.

वस्फियाकाकूचा अर्धा जन्म अशाच एका ओळीवरून भांडण्यात गेला. नवी नवरी म्हणून ती आली तेव्हा रुजम टेकडीच्या उतारावर नुसते खडक होते. नवरा-बायकोने मिळून दगड वेचले, ताली रचल्या, खालून टोपल्यांनी माती वाहिली, गहू आणि मसूर पेरला, कडेने ऑलिव्ह लावले. खालचं रान तिच्या धाकट्या दिराचं, दियाबचं. नवरा अकाली गेला, मुलगा फव्वाज कामासाठी कुवेतला गेला तो तिथलाच झाला. काकू आणि तिची शेळी तेवढ्या राहिल्या.

नवरा गेला त्या हिवाळ्यात दियाबने आपल्याबरोबर तिचंही रान नांगरून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात तुरे आले, तेव्हा काकूला वाटलं की ओळ कुदळीच्या दांड्याएवढी तिच्या बाजूला सरकली आहे. दियाब म्हणाला, ओळ होती तिथेच आहे. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. कंद बाजूला फुटत जातो, ओळ रुंद होते, आणि मग ज्याला जी कड आपली वाटते ती त्याची. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे विचारलं असतं तरी ऐकलं नसतं.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. म्हणजे एकमेकांशी बंद. बांधावर समोरासमोर आली की काकू शेळीला म्हणायची, "काय गं, काही लोकांना भावाची कबर ओली असतानाच जमिनीची भूक लागते, पाहिलंस ना?" दियाब आपल्या गाढवाची मान थोपटायचा. "चल बाबा. तुला तरी अक्कल आहे. काही जणांना कांदा आपोआप फुटतो एवढंही कळत नाही." हा प्रकार तीसेक वर्षं चालला. त्या दोन जनावरांनी जितकं ऐकून घेतलं तितकं कोणत्या काझीनेही ऐकलं नसेल.

मग टेकडीच्या माथ्यावर, आमच्या मुलखाचा ताबा घेऊन बसलेल्यांच्या नव्या वसाहतीची पत्र्याची घरं आली, पाण्याची टाकी आली, त्यांचा झेंडा आला. थोड्या दिवसांनी काकूच्या रानात दगडाखाली दाबून ठेवलेली एक नोटीस सापडली. वरचा उतार सरकारी आहे, विमानातून काढलेल्या फोटोत तिथे खडकच दिसतो, शेती दिसत नाही, असं तिच्यात होतं. काकूने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "विमानातून मसूर दिसतो का रे मास्तर?" मी म्हणालो, नाही. "मग कशाला एवढ्या उंच गेले? खाली आले असते तर जेवायला घातलं असतं."

जेरुसलेमहून लमीस नावाच्या वकीलबाई आल्या. तरुण, बोलायला स्पष्ट. त्यांनी सांगितलं की लष्कराच्या समितीपुढे हरकत घेता येईल, पण शेजाऱ्याने येऊन हद्द दाखवायला हवी. काकूच्या रानाला एका बाजूला ओढा, एका बाजूला रस्ता, वर कडा. शेजारी असा एकच, दियाब. काकूने सांगितलेली ओळ नकाशात काढून झाली होती. दियाबने तीच दाखवली तर काही आशा होती. दोघांनी दोन ओळी दाखवल्या तर समोरचे म्हणणार, यांनाच आपली हद्द ठाऊक नाही, जमीन कसली यांची?

आणि इथेच घोडं अडलं. आमच्याकडे हद्दीची साक्ष त्या रानातली माती मुठीत धरून देतात. हातभर जमीन खोटेपणाने इकडची तिकडे केली, तर कयामतच्या दिवशी सात थर माती गळ्यात पडते, असा आमचा विश्वास आहे. दियाब पाचही वेळा नमाज पढणारा माणूस. ती पट्टी आपली आहे, याबद्दल त्याच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. मशिदीच्या पायरीवर मी त्याला म्हणालो, "अरे, धर ना मूठभर माती. अल्लाला कळतं सगळं." त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "अल्लाला कळतं म्हणूनच तर धरवत नाही, मास्तर," तो म्हणाला. मला त्याचा राग आला होता. आख्खी टेकडी जाते आहे आणि हा कुदळीच्या दांड्याला धरून बसला आहे, असं मला वाटत होतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी तो इमामसाहेबांना आणि मला बरोबर घेऊन काकूच्या अंगणात आला. दारात आलेल्याला कॉफी द्यायची नाही असं आमच्याकडे होत नाही, शत्रू असला तरी. काकूने वेलची घालून कॉफी केली आणि कप पुढे ठेवले. दियाबने आपला कप उचलून जमिनीवर ठेवला. मागणं घेऊन आलेला पाहुणा असा कप ठेवतो, आणि यजमानाने होकार दिल्याशिवाय ओठाला लावत नाही. न पिता उठून गेला, तर त्या घराला तो डाग पिढ्यान्‌पिढ्या लागतो.

"वहिनी," दियाब म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "ती पट्टी मी तुम्हाला देतो. इमामसाहेब साक्षीला आहेत. आजपासून ती तुमची. मग मी माती हातात घेऊन तुमची ओळ दाखवीन, आणि ते खोटं होणार नाही."

काकू ताठ झाली. "माझंच रान मला दान करायला आलात?"

"मला ते माझं वाटतं. मी लबाडी करत नाही, वहिनी."

"मीही नाही करत."

मला तेव्हा कुठे उमगलं की तो तिच्याकडे काय मागत होता. ती भेट घ्यायची म्हणजे पट्टी त्याची होती हे कबूल करायचं. तीस वर्षं आपण उगाच भांडलो, नवऱ्याने मरताना दाखवलेली कड चुकीची होती, हे चारचौघांत गिळायचं. आणि नाही म्हणायचं, तर सगळंच रान जाणार. काकू वर पाहत राहिली, जिथे पत्र्याच्या घरांमागे ती टाकी उन्हात चमकत होती. दियाबच्या कपातला फेस विरून गेला. अंजिराखाली बांधलेल्या शेळीकडे तिने एकदा पाहिलं. या वेळी तिला काही सांगितलं नाही.

"प्या, भाऊजी," ती म्हणाली. "कॉफी गार झाली."

त्याने एका घोटात कप रिकामा केला. काकू साखर आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत ती रडत होती. बाहेर दियाब मान खाली घालून बसला होता. साखर कोणाला नकोच होती.

समितीच्या पाहणीच्या दिवशी अधिकारी जीपमधून नकाशा घेऊन आला. दियाबने वाकून मूठभर माती घेतली आणि रानकांद्याची जी कड काकू आपली म्हणत होती, तिच्यावरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. "याच्या वरचं माझ्या भावाचं आणि त्याच्या बायकोचं. अल्लाची शपथ." अधिकारी फोनवर बोलत होता. लमीसबाईंनी त्याचा फोन थांबवला, दियाबला ते पुन्हा बोलायला लावलं आणि अधिकाऱ्याला लिहून घ्यायला लावलं. जीप गेल्यावरही दियाबची मूठ मिटलेलीच होती.

आमच्याकडचा हिवाळी पाऊस सरताना निकाल आला. हरकत फेटाळली. उतार खडकाळ आहे, आणि शेजाऱ्याची साक्ष धरता येत नाही, कारण तो अर्जदाराचा जवळचा नातेवाईक आहे. लमीसबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"नातेवाईक?" काकू म्हणाली. "तीस वर्षं नव्हतो. आत्ताच झालोय." दियाबला हसू फुटलं आणि मग ते हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. पुढच्या महिन्यात तारेचं कुंपण आलं, ते थेट काकूच्या ऑलिव्हमधून.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी परदेशातून कायदा जाणणारी दोन माणसं जबान्या घ्यायला आली, एक बाई आणि एक गृहस्थ. पंचायतीच्या खोलीत बसणं झालं. मी दुभाष्या होतो. बाई मनापासून बोलल्या. हेगच्या जागतिक न्यायालयाने सांगितलं आहे की हा ताबा बेकायदेशीर आहे, ही वसाहत बेकायदेशीर आहे, घेतलेली जमीन परत करायला हवी, आणि इतर देशांनी याला हातभार लावता कामा नये. इथल्या लोकांना आपलं भविष्य ठरवायचा हक्क आहे. मी एकेक शब्द नीट लावून काकूला सांगितला. मला स्वतःला तो ऐकून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

काकूने शेवटपर्यंत ऐकलं. "न्यायाधीशांना माझी दुवा कळव," ती म्हणाली. "त्यांनी खरं तेच सांगितलं. पण हक्क आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. कुंपणाच्या आतही रानकांदा फुललाय, ओळ तीच आहे. एवढं विचार की निकाल सांगितला, आता माती हातात घेऊन बांधावर कोण येतंय?"

मी सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. एवढ्यात पंचायतीची कॉफी आली. पाहुण्यांनी घेतली, छान आहे म्हणाले. काकूने आपला कप उचलला आणि समोर जमिनीवर ठेवला. तिच्या शेजारी दियाबने आपला ठेवला.

बाईंच्या ते लक्षात आलं. "त्या घेत नाहीत का?" त्यांनी मला विचारलं.

मी काकूकडे पाहिलं. "सांग त्यांना," ती म्हणाली, "मी थांबलेय."

मी प्रथा समजावून सांगितली. बाईंचा चेहरा उतरला. आपल्या हातातल्या रिकाम्या कपाकडे त्या पाहत राहिल्या. "माझ्या हातात तेवढं नाही," त्या हळूच म्हणाल्या. ते काकूला सांगायची गरज पडली नाही.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करायला लागलो. दोन भरलेले होते. कोणी होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता, त्यामुळे ते ओतून टाकावेत की तसेच ठेवावेत, हे मला ठरवता येईना.