आईच्या घरचा कॅमेरा

आईच्या घरचा कॅमेरा अधूनमधून बंद पडतो, नेट गेलं असेल म्हणून मी सोडून द्यायचे; आज मात्र दुपारपासून बंदच दाखवतोय. मोबाइलवर नुसता काळा चौकोन आणि मधे गरगरणारं चक्र. ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन बंद करून चालू केला, पण जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटी आईलाच फोन लावला.

"अगं, वायफायचं बटण मीच बंद केलंय," आई म्हणाली. "मी घरात असताना चोर कशाला येतोय? बाहेर जाताना लावते की आठवणीने."

कॅमेरा चोरांसाठी आहे, असं मीच तिला सांगितलं होतं. तू पडलीबिडलीस तर कळावं म्हणून, हे सांगायचा धीर झाला नव्हता.

म्हणजे इतके दिवस ऑफिसात बसून, आई स्वयंपाकघरात असेल असं समजून, ज्या शांत, आवरलेल्या खोलीकडे बघत मी निर्धास्त व्हायचे, ते रिकामं घर होतं. आई होती ती या काळ्या चौकोनात.