कातडीचा दाखला

भूल चढायच्या आत डॉक्टरने कापलं.

सुई टोचली, एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि ब्लेड लावलं. मी किंचाळले. हात मागे ओढला तर कंपाउंडरने कोपर टेबलावर दाबून धरलं. शेजारी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी उभी होती. तिला तो इंग्रजीत म्हणाला, "या लोकांची कातडी जाड असते. इतकं लागत नाही."

मला इंग्रजी येतं. एम.ए. आहे मी. पण मला काय येतं ते त्याने विचारलंच नव्हतं. त्याने वेगळंच विचारलं होतं. सांगते.

मी परभणीकडची. कलेक्टर व्हायला दिल्लीत आले. मुनिरक्यात खिडकी नसलेल्या खोलीत तीन वर्षं घासली. दोनदा मुलाखतीपर्यंत गेले, दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. मग गुडगावला एका टेलिफोन कंपनीत लागले. नवीन काचेची बिल्डिंग. पुढून मॉल, मागच्या खिडकीतून म्हशी. घरी पैसे जायला लागले, आईने पहिल्यांदा सगळ्या आळीला पेढे वाटले.

आणि कोपरावर पांढरा डाग आला. मग मनगटावर. कोड.

कॅन्टीनमध्ये समोरच्या मुलीने ताट उचललं. "यार, सफेद दाग है, लग जाएगा." दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं. तिसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. हे दुसऱ्याला होत नाही असा स्किनच्या डॉक्टरचा दाखला आणा, म्हणाल्या, नाहीतर नोकरीचं कठीण आहे. तोपर्यंत जेवताना अलग बैठो.

अलग बैठो. माझ्या आजाने हे गावातल्या हॉटेलाबाहेर ऐकलं होतं, उन्हात. मी एसीत ऐकलं. एवढीच काय ती प्रगती.

सेक्टरमधल्या एका क्लिनिकवर मराठी आडनाव दिसलं. परमुलखात मराठी पाटी दिसली की आपल्याला उगाच भरून येतं. मलाही आलं. मूर्ख मी.

"अरे वा, मराठी का? बस गं, बस." पुण्याचा होता. पन्नाशीचा, गोरा, हसरा. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून त्याने मनातल्या मनात मला आपल्यातली करून टाकलं होतं, ते मला नंतर कळलं. माझा हात त्याने उघड्या हातात घेतला. डाग दाबून पाहिला, दिव्याखाली धरला.

"कोड आहे. याने कुणाला काही होत नाही. शेजारी बसून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. अडाणी आहेत तुझ्या ऑफिसातले. देतो लिहून."

जीव भांड्यात पडला. त्याने कागद ओढला, लिहायला लागला. लिहिता लिहिता गप्पा. पुढच्या आठवड्यात गणपती होते. घरी ये, म्हणाला, इथे मोदक वळायला माणूस मिळत नाही, बायकोला मदत होईल. मग विचारलं,

"तुमच्याकडे किती दिवसांचा असतो?"

"आमच्याकडे बसत नाही."

"का गं? सुतक वगैरे आहे का?"

"नाही. आम्ही बौद्ध."

पेन थांबलं. त्याने टोपण लावलं. उठला, बेसिनवर गेला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. परत आला तो हातमोजे चढवून. आणि मराठी संपलं.

"हाथ इधर रखो. बायोप्सी करनी पड़ेगी."

मी मराठीतच म्हटलं, "सर, आत्ता तर तुम्ही म्हणालात, काही होत नाही."

"डॉक्टर मैं हूँ या तुम?"

मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. तरी मी मूग गिळून हात पुढे केला. मला दाखला हवा होता, नोकरी हवी होती. त्याने कापलं त्याचा राग आहे. पण हात मीच टेबलावर ठेवला, याची लाज जास्त आहे.

रक्त टेबलावरून फरशीवर गळत होतं. त्याने तुकडा बाटलीत टाकला आणि पुन्हा ब्लेड उचललं. "एक और."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी कंपाउंडरच्या मनगटाला कडकडून चावले, त्याने सोडलं. त्याच रक्ताळलेल्या हाताने मी डॉक्टरची कॉलर धरली.

"मराठीत बोल. मघाशी बोललास ते बोल. एका ताटात जेवून होत नाही, बोल."

त्याने मला भिंतीवर ढकललं. मी ट्रे भिरकावला. काच फुटली, कात्र्या उडाल्या. त्याच्या पांढऱ्या कोटावर माझी पाच बोटं उमटली होती आणि तो त्यांच्याकडेच बघत होता. शिकाऊ मुलगी कोपऱ्यात थिजली. गार्ड आला. त्याने वेणी धरून मला फरफटत बाहेर नेलं. बाहेर बसलेल्या बायकांनी पाय वर घेतले. मी ओरडत होते, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत: याने आधी खरं सांगितलं आणि जात कळल्यावर कापलं. पायरीवर गार्डने दोन थोबाडीत दिल्या. ओठ फुटला.

ओढणी हाताला करकचून बांधली आणि तशीच ऑफिसला गेले. जेवणाची सुट्टी होती. ताट घेतलं, मधल्या टेबलावर बसले.

मॅडम आल्या. "सर्टिफिकेट?"

"नहीं लाई. लाऊँगी भी नहीं."

"तो फिर अलग बैठो."

"जिसको डर है, वो उठे."

सगळे उठले. मी जेवले. ओढणी बांधलेल्या हातातून भात सांडत होता. उचलून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिथेच बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी नोकरीवरून काढल्याचं पत्र ताटाशेजारी आणून ठेवलं. वाचलं. पोळी संपवली, मग उठले.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी हाताचं विचारलं. मग रडली. मी समजूत घातली नाही.

टाके दुसऱ्या दवाखान्यात पडले, वण वाकडा राहिला. कोड आता मानेवर आलंय, वाढेल. वाढू दे. नवीन ऑफिसातही परवा एकाने विचारलंच, डॉक्टरचं काही लेखी आहे का. नाही म्हटलं. आणणारही नाही. माझ्या कातडीचा दाखला कुणालाही मिळणार नाही. मी सगळ्यांच्या मधोमध बसून जेवणार. ज्याला मला उठवायचं असेल, त्याने हात लावून उठवावं.